एकच दिवा गेलाय

आमच्या घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी उघडली गेलेली आहे. मिक्सर दोनदा, इस्त्री तीनदा, आणि भिंतीवरचं घड्याळ तर इतक्या वेळा, की आता त्याने बरोबर वेळ दाखवली तर आम्हालाच संशय येतो. हे सगळं उघडणारा माणूस म्हणजे माझा नवरा. त्याची नोकरी पाण्याचे मीटर वाचण्याची. खड्ड्यात टॉर्च मारायची, आकडा बघायचा, लिहून घ्यायचा आणि पुढच्या खड्ड्याकडे जायचं. मीटरला हात लावायची परवानगी नाही. बावीस वर्षं यंत्रांकडे नुसतं बघत राहिलेल्या माणसाचे हात घरी आल्यावर शिवशिवतात, त्याला तो तरी काय करणार? मी त्याला इंजिनियरसाहेब म्हणते. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला ते कौतुक वाटलं होतं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-चार स्क्रू उरतात. "कंपनीवाले जास्तीचेच टाकतात," असं त्याचं ठाम मत आहे. उरलेले स्क्रू एका काचेच्या बरणीत जातात, आणि ती बरणी आता गळ्यापर्यंत भरलीय. मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्याला काय दिसत नाही हे विचारण्याचा मला पगार मिळतो. घरी मात्र मला कोणी काही विचारत नाही.

बुधवारी संध्याकाळी टीव्ही गेला. म्हणजे अर्धा गेला. आवाज ठणठणीत, चित्र गायब. हे सगळ्यात आधी सासूबाईंना कळायला हवं होतं, कारण टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची. पण त्यांची नजर अधू. काळ्या पडद्यासमोर पाऊण तास बसून त्यांनी अख्खी मालिका ऐकली होती. मी घरात पाऊल टाकल्यावर मला म्हणाल्या, "हल्ली काय गं, सगळं अंधारातच दाखवतात. खूनबिन व्हायचा असेल."

मी चपला काढता काढता पडद्याकडे पाहिलं आणि एक चप्पल पायातच राहिली. मालिकेचं मला काही नव्हतं. त्यात कोणाचाही खून झाला तरी माझी हरकत नव्हती. पण रविवारी दुपारी तीन वाजता त्या पडद्यावर आमची मुलगी दिसणार होती.

आमची मुलगी एकोणीस वर्षांची. ती पंधराव्या वर्षीच बापापेक्षा वीतभर उंच झाली, तेव्हापासून आजी तिला शिडी म्हणते. शिडी व्हॉलीबॉल खेळते. मागच्या वर्षी तिच्या बाबांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सचा फॉर्म आणला, स्वतःच भरला, सही तेवढी तिच्यासाठी ठेवली. तिने तो फॉर्म घडी घालून डळमळत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला आणि क्रीडा वसतिगृहात जायला निघाली. टेबल डळमळायचं थांबलं, हे नाकारता येणार नाही. दारात तिचा बाप तिला म्हणाला, "जा. टीव्हीवर दिसलीस की मग बोल माझ्याशी."

आता आमच्या घरात खोचक बोलण्याचा तुटवडा कधीच नव्हता. तिच्या जागी मी असते तर वरून दोन ऐकवून मोकळी झाले असते. पण पोरगी हट्टाच्या बाबतीत हुबेहूब बापावर गेलीय. ती "बरं" म्हणाली आणि गेली. त्यानंतर अकरा महिने दोघांमध्ये एक शब्द नाही.

फोन मात्र रोज यायचा, संध्याकाळी, मला. त्या वेळी इंजिनियरसाहेब बरोबर माझ्या शेजारी बसून काहीतरी उघडत असत. स्क्रूड्रायव्हर हातात, पण स्क्रू काही फिरत नसे. "स्पीकरवर टाक," म्हणायचा, "मला आवाजाचा त्रास होत नाही." मग माझ्याकडे बघून, "तिला सांग, गुडघ्याला पट्टा बांधत जा." पलीकडून ती, "आई, त्यांना सांग, बांधते." दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असे. मी नुसती मधली वायर. मला सांगण्यासारखं काहीच उरत नसे, तरी मी दोन्हीकडे मान हलवत राहायचे.

टीव्ही जाण्याच्या आठवडाभर आधी ती म्हणाली, "आई, आमची टीम फायनलला गेली. पुढच्या रविवारी तीनला, खेळाच्या चॅनलवर. त्यांना सांग, दिसेन मी." शेवटचं वाक्य तिने सावकाश म्हटलं. माझ्या शेजारी स्क्रूड्रायव्हर खाली पडला. पुढच्या आठवडाभरात तो ज्याच्या ज्याच्या मीटरच्या खड्ड्यात डोकावला, त्या प्रत्येकाला सामन्याची वेळ तोंडपाठ झाली.

तर बुधवारी तो घरी आला, काळा पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. होय, उजळला. हे मी लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही. त्याने खोलीतला दिवा घालवला, मीटर वाचायची टॉर्च काढली आणि पडद्याला अगदी चिकटवून धरली. त्या गोलात कोणीतरी बाई रडताना अंधुकशी दिसली.

"बघ! चित्र आहे. उजेड नाहीये," तो म्हणाला. "टीव्हीच्या चित्राला स्वतःचा उजेड नसतो. मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर बारके बारके दिवे. सगळे एकाच माळेत जोडलेले. एक गेला की सगळे बंद."

"मग आता?"

"मग काय! एकच दिवा गेलाय."

नुसती सर्दी आहे, हे डॉक्टर जितक्या सहजतेने सांगतो, तितक्या सहजतेने त्याने हे सांगितलं. मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या टीव्हीवाल्याला बोलवू या." आणि त्याचा चेहरा लगेच पूर्ववत झाला.

आम्ही तळमजल्यावर राहतो, आणि इमारतीच्या कोपऱ्यावरच टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी हा टीव्ही भिंतीवर टांगायला तोच माणूस आला होता. सासूबाईंसाठी आम्ही पडद्याचा उजेड शंभरावर ठेवला होता. ते पाहून तो म्हणाला, "उजेड निम्म्यावर आणा. नाहीतर दोन वर्षांत पट्ट्या जळतील." यावर माझ्या नवऱ्याने उत्तर दिलं, "टीव्ही आमचा, डोळे आमच्या आईचे. तुम्ही तुमचं दुकान बघा." दोन वर्षं मागच्याच महिन्यात पूर्ण झाली. इंजिनियरसाहेबांचं म्हणणं असं, की त्या माणसाच्या तोंडून निघालं म्हणूनच टीव्हीला ते सुचलं.

गुरुवारी त्याने रजा टाकली. मुलीच्या रिकाम्या पलंगावर स्वच्छ चादर अंथरली, त्यावर टीव्ही पालथा घातला आणि मला हाताशी घेतलं. मागचं झाकण निघालं. मग कडेच्या पट्ट्या, कट् कट् आवाज करत. मग समोरची काच, म्हणजे पॅनल. एवढ्या मोठ्या पडद्याची काच इतकी पातळ असते हे मला ठाऊक नव्हतं. खालच्या बाजूला कागदासारख्या चपट्या वायरी. "ही काच वाकली, की टीव्ही भंगारात. वायर तुटली, तरी भंगारात," तो म्हणाला. "श्वास हळू घे." चोवीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्या श्वासाकडे पहिल्यांदाच लक्ष दिलं.

काचेखाली तीन पातळ पडदे आणि त्याखाली दुधी रंगाचं एक जाड प्लॅस्टिक. त्यांचा क्रम मी दुकानाच्या चिठ्ठीवर लिहून घेतला, कारण क्रम लक्षात ठेवणाऱ्याची ख्याती मला माहीत होती. सगळ्यात खाली पत्र्यावर बसवलेल्या तीन पट्ट्या, प्रत्येकीवर आठ दिवे, आणि प्रत्येक दिव्यावर टोपीसारखं एक छोटं भिंग. चोवीस दिवे, चोवीस चष्मे. मला उगाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

त्याने दोन सेल एकमेकांना जोडून दोन वायरी काढल्या आणि एकेका दिव्याला टेकवत गेला. पेटला, पेटला, पेटला. मधल्या पट्टीवरचा पाचवा पेटला नाही. त्याच्या मधोमध काळा ठिपका होता.

"सापडला!" तो ओरडला. "म्हटलं नव्हतं? एकच!"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही आनंद झाला. तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, सवय बिघडते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी गुपचूप टीव्हीवाल्याकडे गेले. तो भिंगातून कुठल्याशा बोर्डात डोकावत होता. मान वर न करता म्हणाला, "साहेबांनी उघडला ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"काल तुमच्या सासूबाई आल्या होत्या. मुलाने चिठ्ठी दिलीय म्हणाल्या. एक सुटा एलईडी हवाय. मी दिला. त्यांनी तो दोनदा माझ्याच टेबलावर पाडला, मीच शोधून दिला."

ज्या बाईला समोरचा बेचाळीस इंची पडदा काळा झालेला दिसला नाही, तिला माझ्या नवऱ्याने तांदळाच्या दाण्याएवढा दिवा आणायला पाठवलं होतं. कारण? स्वतः गेलं तर नाक कापलं जाणार.

"बाई, ऐका," टीव्हीवाला म्हणाला, "एक बदलून भागत नाही. जो गेला, त्याच्याच वयाचे बाकीचे तेवीस. तेवढेच भाजलेले. एक नवा घातला की उद्या शेजारचा जाईल, परवा तिसरा. तिन्ही पट्ट्या एकदम बदलायच्या आणि उजेड निम्म्यावर ठेवायचा. मला आणून द्या, दोन तासांत करून देतो. मला राग नाही."

त्याला राग नव्हता हेच अवघड होतं. राग असता तर भांडून तरी मिटवता आलं असतं.

घरी येऊन मी हे सगळं जरा धुऊन-वाळवून सांगितलं. म्हटलं, दुकानात एक गिऱ्हाईक म्हणत होतं, की पट्ट्या सगळ्या एकदम बदलायच्या असतात.

"त्या गिऱ्हाइकाच्या अंगाला सोल्डरचा वास येत होता का?" नवऱ्याने विचारलं.

मी पिशवीतली भाजी काढायला घेतली.

"तेवीस धडधाकट दिवे फेकून द्यायचे? का तर म्हणे एक गेला! ही धंद्याची बोलणी आहेत. माझ्या डोळ्यांनी मी तेवीस पेटलेले पाहिलेत."

शनिवारी सकाळी त्याने जुना दिवा काढून नवा बसवला. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून, श्वास रोखून. बारीक काम करताना त्याची जीभ तशी बाहेर येतेच. वर भिंग चिकटवलं, माझ्या चिठ्ठीप्रमाणे पडदे लावले, काच ठेवली, झाकण लावलं. सात स्क्रू उरले. ते बरणीत गेले. भिंतीवरचा खिळा हलला होता म्हणून टीव्ही टेबलावरच ठेवला. बटण दाबलं.

लागला.

चित्र स्वच्छ. फक्त मधोमध एक फिकट निळसर डाग, कारण नवा दिवा बाकीच्यांपेक्षा टवटवीत होता. "ती दुरुस्तीची खूण आहे," तो म्हणाला. सासूबाई खुर्चीवरून पुढे झुकल्या. "आता कसं दिसतंय! थोडा उजेड वाढव रे." आणि माझ्या नवऱ्याने, आईचा शब्द मोडू नये म्हणून आणि टीव्हीवाल्याचा मोडता यावा म्हणून, उजेड थेट शंभरावर नेला.

मी तोंड उघडलं होतं. पण तो इतका खूष होता, की मी ते परत मिटलं. ही माझी या प्रकरणातली चूक, आणि ती मी मान्य करते. या घरात चूक मान्य करणारं कोणीतरी असायला हवं.

संध्याकाळी फोन आला. "आई, उद्या तीनला. लक्षात आहे ना? आणि..." ती थांबली. "बाबा बघतील ना?"

अकरा महिने तो 'त्यांना' होता. शेजारी बसलेला माणूस उठला आणि शर्टाच्या टोकाने टीव्हीची काच पुसायला लागला. पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला.

रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळी नऊपासून टीव्ही चालू, "गरम असलेला बरा." जणू स्कूटरच होती. एकदा बंद करून थोडी विश्रांती द्या म्हटलं, तर म्हणाला, बंद करताना धोका असतो. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी साबणाची जाहिरात चालू असताना पडदा काळा झाला. आवाज मात्र साबण विकत राहिला.

मग सासूबाई म्हणाल्या, "झाली का रात्र?"

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. दोन वाजेपर्यंत टीव्ही टेबलावरच पुन्हा उघडा पडला होता. बदललेल्या दिव्याच्या शेजारचाच एक गेला होता. तो सेलने तपासत असताना त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एक लुकलुकला आणि विझला. सुटा दिवा आता घरात एकही नव्हता. मी टीव्हीवाल्याला फोन लावला. रविवार, दुकान बंद, तो बहिणीकडे गेलेला, दोन तासांच्या अंतरावर. "पट्ट्या सगळ्या..." असं त्याने सुरू केलं आणि मी फोन ठेवला. मोबाइलवर सामना लावायचा प्रयत्न केला. त्यावर एक गोल आला आणि फिरत बसला.

चार दिवस मी काही वाक्यं घासूनपुसून तयार ठेवली होती. इतकी सुंदर वाक्यं होती, की त्यांच्यासाठी मी मनातल्या मनात टीव्ही बिघडण्याची वाटसुद्धा पाहिली होती. आता ती बोलायची वेळ आली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाशी बसला होता, हातात पट्टी, इस्त्रीच्या शर्टावर धुळीची रेघ. मला एकही वाक्य आठवेना. वाईट वाटलं. त्याच्याबद्दल वाटलं, तिच्याबद्दल वाटलं, आणि अशा वेळी तोंड बंद पडणाऱ्या माझ्याबद्दल तर फारच वाटलं.

"वरच्या काकूंनी बोलावलंय," मी म्हटलं. "त्यांचा टीव्ही मोठा आहे. चला."

"आईला जिना चढवणार नाही. तिला एकटीला कसं सोडू? तू जा."

"तुम्ही जा. मी थांबते आईंजवळ."

"मी नाही जात. मी..." त्याने पट्टी उलटसुलट केली. "तू बघून ये. मग सांग."

तीनला पाच कमी होते. मी चपला घातल्या. दाराची कडी काढली. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब."

त्याने पट्ट्यांचा पत्रा टेबलावर आडवा मागे ढकलला. काच उचलली आणि उभी केली. खालच्या वायरी न ताणता जेवढी उभी राहील तेवढी. दोन्ही बाजूंना पिठाचे डबे लावले, तरी ती मागे झुकत होती, म्हणून वरची कड एका हाताने धरली. काचेमागे दुधी प्लॅस्टिक लावलं. "पडदे ओढ," मला म्हणाला. मी खिडक्यांचे पडदे ओढले. मग त्याने मागे उभं राहून मीटरची टॉर्च लावली.

काळ्या काचेवर ताटाएवढा एक गोल उजळला, आणि त्या गोलात, रंगांसकट, जाळीचा खांब आणि कोणाचा तरी बूट.

"दिसतंय?" मागून आवाज आला.

"दिसतंय."

"मग सांग, कुठे धरू?"

मी चपला काढल्या.

दोन्ही संघ ओळीत उभे होते. मी म्हटलं, "डावीकडे घ्या. अजून डावीकडे. अहो, डावीकडे!"

"डावीकडेच नेतोय!"

"माझ्या डावीकडे!"

"तुझी डावी म्हणजे माझी उजवी!"

हे भांडण आमच्यात चोवीस वर्षं चालू आहे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा निकाल लागला. गोल एकेका चेहऱ्यावरून सरकत गेला आणि शेवटून दुसरीवर थांबला. चौदा नंबर. केस घट्ट बांधलेले, गुडघ्याला पट्टा.

"आली! आली हो!"

"कशी आहे?"

"बारीक झालीय."

"उंच दिसते?"

"शिडीच ती," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांना काही दिसत नव्हतं, पण या बाबतीत त्यांना पाहायची गरज नव्हती.

शिट्टी वाजली. सहा जणी मैदानात उतरल्या. त्यांत चौदा नंबर नव्हता.

"खेळतेय का?" मागून प्रश्न आला. मी गोलात तिचा नंबर शोधत होते. "अगं, खेळतेय का?"

"बाजूला उभी आहे. राखीव खेळाडूंमध्ये."

टॉर्च क्षणभर स्थिर राहिली. "कुठे?"

"खालच्या कोपऱ्यात. माझ्या उजवीकडे."

गोल खालच्या कोपऱ्यात आला आणि तिथेच राहिला. कॅमेरा मागे सरकला की ती त्यात दिसायची. हातात टॉवेल, एका पायावरून दुसऱ्या पायावर. कॅमेरा दुसरीकडे गेला की गोलात नुसतीच जमीन, किंवा कोणाचा तरी गुडघा. सामना बाकीच्या काळ्या पडद्यावर कुठेतरी चालू होता. लोक ओरडत होते, समालोचक ओरडत होता, आम्ही तिघं एका कोपऱ्याकडे तोंड करून बसलो होतो. म्हणजे दोघी बसलो होतो.

"अरे, चेंडू कुठंय?" सासूबाईंनी विचारलं.

"चेंडू बघायला बाकीचं जग आहे, आई," काचेमागून उत्तर आलं.

पहिला सेट गेला. दुसरा आपल्या मुलींनी घेतला. तिसरा पुन्हा गेला. मधल्या वेळात मी म्हटलं, "द्या इकडे, मी धरते. तुम्ही पुढे या जरा."

"काच एका हातावर आहे. हात बदलताना वायर तुटली, तर तुलाही नाही दिसायची." मग थोड्या वेळाने, "हात दुखत नाहीये." हे मी विचारलंच नव्हतं.

आता मला विचाराल, तर एवढा शहाणपणा त्याला शुक्रवारी सुचला असता, तर आम्ही तिघं सोफ्यावर रेलून सामना पाहिला असता. हे मी त्याला तेव्हा म्हणाले नाही. नंतर म्हणाले, बऱ्याचदा.

चौथ्या सेटमध्ये आपल्या मुली वीस, समोरच्या चोवीस. एक गुण गेला की सगळं संपलं. मग एक गुण आपल्याला मिळाला, आणि कोपऱ्यातल्या गोलात काहीतरी हललं.

"टॉवेल टाकला तिने!" मी उभी राहिले. "अहो, तिला बोलावतायत! सर्व्हिसला!"

"कुठे? कुठे धरू?"

"माझ्या उजवीकडे, टोकाला. वर. अजून वर घ्या, उंच आहे ती!"

गोल तिच्या चेहऱ्यावर आला. तिने चेंडू तीनदा आपटला. मग दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली.

"जीभ बाहेर काढलीय," मी म्हटलं. "तुमच्यासारखी."

गोल थोडा थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला.

तिने चेंडू मारला. तो गोलाबाहेर अंधारात गेला आणि लोकांचा गलका उठला. बावीस. दुसऱ्यांदा मारला. पुन्हा अंधार, पुन्हा गलका, जरा उशिराने. तेवीस. चेंडू कुठे पडला हे मी आजवर पाहिलेलं नाही. मी फक्त तो गेल्यानंतरचा तिचा चेहरा पाहिला. तिसऱ्यांदा मारला, आणि त्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"जाळीत गेला," मी म्हणाले. "संपलं."

"रडतेय का?"

"नाही. हसतेय. थांबा... दोन्ही."

मग कॅमेरा जिंकणाऱ्यांकडे वळला. त्याने टॉर्च विझवली, काच हळूच आडवी केली आणि टेबलामागून बाहेर आला. उजवा हात त्याला कोपरातून सरळ करता येत नव्हता. तो काचेसमोर येऊन उभा राहिला आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिला. आतून कोणीतरी बक्षीस समारंभाचं वर्णन करत होतं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला, तशीच सवय होती.

"आई! पाहिलंत?" ती धापा टाकत होती. "तीन सर्व्हिस मिळाल्या. शेवटची घालवली. पण पाहिलंत ना? बाबांनी पाहिलं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी खूण केली. 'हो' म्हणा. एक शब्द. दीड तास ज्याने ती मला दाखवली, त्याला तेवढं खोटं बोलायचा हक्क मी दिला असता. आणि खोटं कशाला, मिक्सर दुरुस्त झाला, इस्त्री दुरुस्त झाली, घड्याळ बरोबर आहे, असं म्हणत जगलेल्या माणसाला यात कसली अडचण? बिघडलं, असं त्याच्या तोंडून आजवर एकाही वस्तूबद्दल निघालेलं नव्हतं.

त्याने डाव्या हाताने फोन माझ्याकडून घेतला.

"टीव्ही माझ्याकडून बिघडला गं," तो म्हणाला. "मला नाही दुरुस्त करता आला. आईने पाहिलं तुला. मी मागे होतो, टॉर्च धरून."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली, पण तिने फोन ठेवला नाही.

"तू मला दिसली नाहीस," तो म्हणाला. "दिसली नाहीस, तरी बोल."